पाकिटाचा रंग उतरतो तेव्हा

२०१२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या सरकारकडे तक्रारीचे फोन येऊ लागले. आमच्या सिगारेटची चव का बदललीत, असा लोकांचा सवाल होता. तेव्हाच्या आरोग्यमंत्री तान्या प्लिबरसेक यांनी पुढे ही हकीकत सांगितली. सिगारेटला कुणी हातही लावलेला नव्हता. तंबाखू तीच, कागद तोच, फिल्टर तोच. बदललं होतं ते फक्त पाकीट.

रोज वीस-वीस सिगारेटी ओढणाऱ्या माणसाची जीभ त्या चवीला किती सरावलेली असते! त्या जिभेलाही पुठ्ठ्याचा रंग उतरल्याबरोबर धूर वेगळा लागू लागला. कागदाच्या एवढ्याशा खोक्यात ही ताकद कुठून येते? आणि त्या ताकदीने माणसं खरोखर सिगारेट सोडतात का?

आधी ते पाकीट नीट पाहू. १ डिसेंबर २०१२ पासून ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत दुसऱ्या कुठल्याही रूपात सिगारेट विकायला बंदी झाली. पाकिटाच्या दर्शनी बाजूचा पाऊण भाग इशाऱ्याच्या चित्राने आणि मजकुराने व्यापलेला. सडून काळं पडलेलं पाऊल, कर्करोगाने पोखरलेलं तोंड, अशी ती चित्रं. मागच्या बाजूचा तर ९० टक्के भाग इशाऱ्याचा. उरलेल्या जागेत मळकट, गडद तपकिरी रंग, तोही बिनचमकीचा. कडा सरळ, गोलाई नाही, उठाव नाही, सोनेरी रेघ नाही, मुकुट-सिंहाची मुद्रा नाही. ब्रँडचं नाव आहे, पण ठरलेल्या जागी, करड्या रंगात, लुसिडा सॅन्स या एकाच साध्या टायपात आणि १४ पॉइंटांच्या वर नाही. आतली सिगारेटसुद्धा बिननावाची. सगळ्यात महागडा ब्रँड आणि सगळ्यात स्वस्त ब्रँड शेजारी ठेवले, तर अक्षरं वाचल्याशिवाय कोणता कोणता ते कळत नाही.

हा रंगही सहज सुचलेला नाही. कुठलीही कंपनी लोकांना आवडेल असा रंग शोधण्यासाठी पैसा ओतते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने लोकांना सगळ्यात नकोसा वाटेल असा रंग शोधण्यासाठी पाहणी करवून घेतली. सिगारेट ओढणाऱ्या सुमारे १,००० जणांना वेगवेगळे रंग दाखवले गेले, आणि त्यातून पॅन्टोन ४४८ सी हा रंग निवडला गेला. तो पाहून लोकांना घाण आठवत होती, डांबर आठवत होतं. सुरुवातीला सरकारी बोलण्यात त्याला ‘ऑलिव्ह ग्रीन’ म्हटलं जाई. ऑलिव्ह पिकवणाऱ्यांच्या संघटनेने त्यावर हरकत घेतली आणि ते नाव सोडून द्यावं लागलं. कुणाच्याही मालाची शोभा ज्या रंगाने जावी, असाच रंग हवा होता, आणि तो सापडला होता.

सरकार पाकिटाच्याच मागे का लागलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. ऑस्ट्रेलियात रेडिओ आणि टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती १९७६ मध्ये बंद झाल्या. १९९२ च्या कायद्याने जवळजवळ उरलेल्या सगळ्या जाहिराती गेल्या. पुढे दुकानांत पाकिटं मांडून ठेवायलाही राज्याराज्यांत बंदी आली. मग कंपनीजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच जागा राहिली, ती म्हणजे पाकीट. आणि ही जागा फार मोलाची. साबणाचं वेष्टन आपण फाडतो, टाकतो आणि विसरतो. सिगारेटचं पाकीट मात्र खिशात राहतं. दिवसातून वीस वेळा बाहेर येतं, म्हणजे वर्षाला ७,००० हून जास्त वेळा. ते हॉटेलात टेबलावर ठेवलं जातं, मित्रापुढे केलं जातं. ओढणारा माणूस ही जाहिरात स्वतः पैसे देऊन विकत घेतो आणि चार लोकांत मिरवतो.

पाकिटावरची ही जाहिरात काढून घेण्याची शिफारस न्यूझीलंडमध्ये १९८९ मध्येच झाली होती. कॅनडाच्या संसदीय समितीने १९९४ मध्ये त्यावर विचार केला, पण व्यापारी करारांच्या आधारे खटले भरण्याच्या धमक्यांपुढे तो बेत बारगळला. प्रत्यक्षात पाऊल उचललं ते ऑस्ट्रेलियाने. तिथल्या आरोग्यमंत्री निकोला रॉक्सन यांनी २०११ मध्ये हा कायदा संसदेत मंजूर करून घेतला. सिगारेट ओढणारे त्यांचे वडील अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या.

आता पुन्हा चवीकडे. लुई चेस्किन नावाच्या अमेरिकी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक गोष्ट हेरली होती. वेष्टन पाहून मनात जे उमटतं, ते माणूस नकळत आतल्या वस्तूवर चढवतो. सेव्हन-अपच्या हिरव्या डब्यात पिवळ्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा पेय तेच असूनही त्यात लिंबू जास्त झाल्याचं लोक सांगू लागले, असा दाखला त्याच्या कामातून दिला जातो. जिभेवर पदार्थ टेकण्याआधीच डोळ्यांनी मेंदूला काय अपेक्षा ठेवायची ते सांगितलेलं असतं, आणि मेंदू त्या अपेक्षेसकट चव घेतो.

तंबाखू कंपन्यांनी हे ज्ञान फार हुशारीने वापरलं. ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात. धूर मोजणाऱ्या यंत्रात त्यातून हवा शिरते आणि टारचा आकडा कमी येतो. माणूस मात्र बोटांनी आणि ओठांनी ती छिद्रं झाकतो, झुरका खोल घेतो आणि हवं तेवढं निकोटीन मिळवतो. म्हणजे ‘लाइट’ सिगारेट सुरक्षित नव्हतीच. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने मोठ्या कंपन्यांना ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्द सोडायला लावले. शब्द गेले, पण फिकट निळा, चंदेरी, पांढरा हे रंग राहिले, आणि ‘ही जरा सौम्य’ हा निरोप ते रंग बिनशब्द देत राहिले. छातीत दुखायला लागलेला माणूस सोडण्याऐवजी फिकट पाकिटाकडे वळायचा. सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची झाली आणि खोट्या दिलाशाची ती वाटही बंद झाली.

डोळ्यांचं काय होतं, हे ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी थेट मोजून पाहिलं. आपली नजर एखाद्या चित्रावरून सरकत जाते असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात ती उड्या मारत फिरते. एका ठिकाणी क्षणभर थांबते, उडी घेते, दुसरीकडे थांबते. या उड्या टिपणारं यंत्र लावून तरुणांना पडद्यावर पाकिटं दाखवली गेली. काही रंगीत, काही साधी, इशारा मात्र दोन्हींवर सारखाच. जे सिगारेट ओढतच नव्हते आणि जे आठवड्यातून कधीमधी ओढायचे, त्यांची नजर साध्या पाकिटावर इशाऱ्याकडे जास्त वेळा गेली. रंगीत नक्षी नसल्याने नजरेला रेंगाळायला दुसरी जागाच नव्हती. रोज ओढणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा फरक दिसला नाही. पाकीट साधं असो वा रंगीत, त्यांची नजर इशाऱ्याकडे वाढीव वळली नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पुढच्या सगळ्या वादाचं उत्तर दडलेलं आहे. बेरंग पाकीट सगळ्यांवर सारखा परिणाम करत नाही. ज्याच्या रक्ताला तलफ लागली आहे, त्याचं शरीर निकोटीन मागतं, आणि पुठ्ठ्याचा रंग काहीही असला तरी तो विकत घेतो. जो अजून उंबऱ्यावर उभा आहे, त्याच्यापर्यंत मात्र पाकीट पोचतं.

प्रत्यक्षात काय घडलं? कायदा आला तेव्हा न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात सिगारेट सोडण्यासाठी मदत करणाऱ्या फोनसेवेकडे येणारे फोन ७८ टक्क्यांनी वाढले. व्हिक्टोरियातल्या कर्करोग परिषदेच्या मेलनी वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांची पाहणी केली. साध्या पाकिटातली सिगारेट ओढणाऱ्यांना ती आधीपेक्षा हलक्या दर्जाची आणि कमी समाधान देणारी वाटत होती. कॅफेंच्या बाहेरच्या टेबलांवर उघडी ठेवलेली पाकिटंही कमी दिसू लागली. मिरवण्याची वस्तू झाकण्याची वस्तू होऊ लागली.

पण कमी आवडणं वेगळं आणि सोडणं वेगळं. सरकारने २०१६ मध्ये कायद्याचा आढावा प्रसिद्ध केला. त्यासाठी अर्थतज्ज्ञ तस्नीम चिप्टी यांनी हजारो लोकांच्या मुलाखतींचा तपशील तपासला. कायद्यानंतरच्या ३४ महिन्यांत सिगारेट ओढणाऱ्यांचं सरासरी प्रमाण १९.४ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आलं होतं. मात्र याच काळात सिगारेटवरचा करही वाढत होता, आणि महाग झालेली सिगारेट लोक सोडतातच. या सगळ्याचा हिशेब वजा केल्यावर नव्या पाकिटाच्या वाट्याला ०.५५ टक्का एवढी घट आली, एकूण घटीच्या साधारण चौथा हिस्सा. त्यातही साधा रंग आणि मोठे झालेले इशारे एकाच वेळी आले होते, त्यामुळे कुणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातले ५१ अभ्यास एकत्र तपासले. त्यांचाही निष्कर्ष संयमाचा होता: पाकिटाचं आकर्षण कमी होतं हे दिसतं, ओढणाऱ्यांची संख्या कमी होत असावी, पण त्याचा पुरावा अजून मर्यादित आहे.

अर्धा टक्का ऐकायला फार थोडा वाटतो. पण देशाच्या लोकसंख्येत तो मोजला, तर सुमारे १ लाख ८ हजार माणसं होतात. दीर्घकाळ सिगारेट ओढणाऱ्यांपैकी निदान निम्मे त्याच सवयीपायी दगावतात, हे लक्षात घेतलं की या आकड्यामागची घरं दिसू लागतात. आणि हे सगळं एकाही माणसाला दंड न करता, एकाचीही सिगारेट हिसकावून न घेता.

पुठ्ठ्याच्या रंगात किती पैसा दडलेला असतो, हे कंपन्यांनी स्वतःच दाखवून दिलं. आमचे ट्रेडमार्क सरकारने मोबदल्याशिवाय बळकावले, असं म्हणत त्या ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेल्या. १५ ऑगस्ट २०१२ रोजी सहा विरुद्ध एक अशा मताने त्या हरल्या. न्यायालयाचं म्हणणं असं, की सरकारने वापरावर बंधन घातलं आहे, मालमत्ता स्वतःकडे घेतलेली नाही. फिलिप मॉरिसने हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या गुंतवणूक कराराचा आधार घेतला. तो आधार मिळावा म्हणून, सरकारचा बेत जाहीर झाल्यानंतर, कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या धंद्याची मालकी हाँगकाँगच्या शाखेकडे वळवली होती. २०१५ च्या डिसेंबरात लवादाने हा हक्काचा गैरवापर ठरवून दावा फेटाळला. क्युबा, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिक आणि इंडोनेशिया हे देश जागतिक व्यापार संघटनेत लढले. तिथला अंतिम निकाल २०२० मध्ये लागला, तोही ऑस्ट्रेलियाच्या बाजूने. वेष्टनाने काहीच फरक पडत नसता, तर ते वाचवण्यासाठी कुणी आठ-नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या नसत्या.

लढाई तिथे संपली नाही. रंग छापायला बंदी झाली, तर रंगाचं नाव ब्रँडच्या नावात शिरलं आणि ‘ब्लू’, ‘गोल्ड’ अशी नावं आली. दुसरीकडे कराने किमती इतक्या चढल्या, की ऑस्ट्रेलियात चोरट्या सिगारेटींचा बाजार हे आता मोठं दुखणं झालं आहे, आणि त्या बाजारात इशारेही नसतात. तरीही १४ वर्षांवरच्या लोकांत रोज सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण २०१० मध्ये १५.१ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ८.३ टक्क्यांवर आलं. कर, जाहिरातबंदी, सार्वजनिक जागांवरची बंधनं आणि पाकीट यांनी मिळून हे घडवलं. फ्रान्स, ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, न्यूझीलंड, थायलंड, सिंगापूर अशा कितीतरी देशांनी पुढे हीच वाट धरली.

आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा असतो, २०१६ पासून. पण टपरीवर उभं राहून किती जण अख्खं पाकीट घेतात? एक सुट्टी सिगारेट घ्यायची, दोरीला टांगलेल्या लायटरने पेटवायची आणि निघायचं. पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं, आणि इशाराही. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागचं एक कारण हेच होतं. कॅनडाने २०२३ मध्ये याच्याही पुढे जाऊन प्रत्येक सिगारेटच्या कागदावरच इशारा छापण्याचा नियम केला. असं करणारा तो जगातला पहिला देश. जिथे पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात येतच नाही, तिथे तर हा मार्ग फारच मोलाचा ठरेल.

साध्या पाकिटाचं खरं मोजमाप मात्र ३४ महिन्यांत होण्यासारखं नाही. कायदा लागू झाला त्या महिन्यात ऑस्ट्रेलियात जन्मलेली मुलं आता किशोरवयात आली आहेत. पहिली सिगारेट बहुधा याच वयात ओठांना लागते. सोनेरी मुकुटाचं, लालचुटूक पाकीट त्यांनी आपल्या देशाच्या कायद्याने चालणाऱ्या दुकानात कधी पाहिलेलंच नाही. मोठेपणा, मर्दानगी, नजाकत, श्रीमंती यांचा सिगारेटशी जोडलेला संबंध कंपन्यांनी चित्रांतून घडवला होता, आणि या मुलांपर्यंत ती चित्रं पाकिटावरून पोचलीच नाहीत. वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला साधं पाकीट सोडवू शकेलच असं नाही. त्याला औषध, सल्ला आणि माणसाचा आधार लागतो, आणि तो मिळालाच पाहिजे. ज्याने अजून सुरुवात केलेली नाही, त्याच्यापुढे सिगारेट आपल्या खऱ्या रूपात येते: विषारी धूर देणारी, सवय लावणारी एक नळी. हे रूप पाहूनही ती घ्यावीशी वाटणारी मुलं कमी असतील, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.