रस्त्याचा हक्क

रोजा सोडायला अर्धा तास उरलेला असतो. घराघरांतून भज्यांचा वास सुटलेला, आणि मुलं फळांच्या ताटल्या घेऊन या दारातून त्या दारात धावत असतात. ताटल्या शेजारच्या हिंदू घरांतही जातात, त्यामुळे अख्खी गल्लीच मुलांची होते. नेमकी त्याच वेळी दुचाकीवाल्यांनाही घाई असते. गेल्या रमजानमध्ये माझ्या पुतणीला एका गाडीचा धक्का लागला. ताटली उडाली, कोपर फुटलं, हाड तेवढं वाचलं. गाडी चालवणारा आमच्यातलाच, रोजेदार होता. रोजा वेळेवर सोडायचा म्हणून सुसाट निघाला होता.

तेव्हापासून डोक्यात आहे : या एका महिन्यात संध्याकाळी तासभर गल्ली गाड्यांना बंद ठेवली तर? तिठ्यावरून मालवण, कणकवलीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला हात लावायचा नाही. फक्त आमची गल्ली.

पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी सोबत्यांना एकदा रस्त्यावर बसू नका असं सांगितलं. सोबती म्हणाले, आमच्या बैठका तिथेच होतात, त्याला इलाज नाही. मग बसायचंच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असं उत्तर मिळालं. तो हक्क कोणता? नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामाला उत्तर देणं, चांगलं सांगणं, वाईटापासून रोखणं. नाक्यावर टवाळक्या करणाऱ्या पोरांना आम्ही ही हदीस नेहमी ऐकवतो. गल्ली अडवायला निघालेल्या माझ्यासारख्यालाही ती तितकीच लागू आहे.

मुंबईला नोकरी केलेल्या आचरेकरांना मिनारा मशिदीची गल्ली ठाऊक असेल. रमजानच्या रात्री खवय्यांची गर्दीच गाड्यांची वाट अडवते. ठरवून बंद करणं वेगळं. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२मध्ये काही रस्ते रविवारी सकाळी चालायला, खेळायला मोकळे केले. कायद्यातही सोय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५नुसार अधिकार असलेली यंत्रणा वाहनांना मनाई करू शकते, आणि ती महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. रमजान महिन्याभराचाच!

पण आचऱ्यात ही उदाहरणं द्यायची म्हणजे गंमतच. हा गाव तर सगळाच्या सगळा बंद होतो. रामेश्वराचा कौल झाला की गावपळण. तीन दिवस, तीन रात्री माणसं गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातात. मुसलमानांची घरंही जातात, आमच्याही दाराला कुलूप लागतं. माळावरच्या झोपडीत चूल पेटवताना कोण कुठल्या वाडीतला हे लक्षातही राहत नाही. लहानपणी आम्हाला ती सहलच वाटायची. मोठं झाल्यावर कळलं, निघण्याआधी घरात आठ-आठ दिवस बोलणं चालतं ते म्हाताऱ्यांचं : कुणाला कसं न्यायचं, औषधं कुणाकडे, रात्री जवळ कोण निजणार. शिवाय परत कधी यायचं, तेही कौलावर. एका घराला वाटलं म्हणून गाव रिकामा होत नाही.

म्हणून मीही आधी घरोघर गेलो. कोपऱ्यावरच्या आजींना हृदयाचा त्रास आहे, तेव्हा आडवा बांबू एका माणसाला उचलता येईल असाच हवा, आणि तिथे कुणीतरी बसलेलं हवं. मगरिबची अजान झाली, रोजा सुटला की बांबू काढायचा, तरावीहपर्यंत लांबवायचा नाही. सगळ्यात रोखठोक निघाला आमचा रिक्षावाला शेजारी. म्हणाला, “बांबू घाला, पण माझी रिक्षा खंय लावू, ता आदी सांगा.” त्याची कमाईची वेळ तीच. मला हे सुचलंच नव्हतं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरवाल्यांनी आपलं खळं रिक्षेला दिलं.

अर्ज लिहून तयार आहे. तीन घरांच्या सह्या बाकी आहेत. त्यातलं एक घर त्या दुचाकीवाल्याचं. आज इफ्तारनंतर तिथे जायचंय, पुतणीलाही बरोबर घेऊन.