दिव्याला उत्तर देणारी पट्टी

३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तासाभरात लोखंडवालाच्या, मुलुंडच्या, घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये चेटकिणी, सांगाडे आणि वटवाघळं खाली उतरतात. हातात चॉकलेटची पिशवी, तोंडात ‘ट्रिक ऑर ट्रीट’, आणि अंगावर बहुतेकांच्या काळं कापड. एका विंगमधून दुसरीत पळताना मधे पोडियमचा रॅम्प लागतो, नाहीतर गेटबाहेरचा रस्ता.

ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो. मग गाडी थांबायला आणखी १२-१५ मीटर लागतात. आणि काळ्या कपड्यातला माणूस लो बीममध्ये साधारण २५-३० मीटरवर आल्यावरच दिसतो. या हिशेबात पोराच्या वाट्याला काहीच शिल्लक उरत नाही.

रिक्षांना रेडियम लावून देणाऱ्याच्या टपरीवर मिळणारी रुपेरी पट्टी हा हिशेब पार बदलून टाकते. ती अंगावर असली, की तेच मूल सव्वाशे मीटरच्याही पलीकडून दिसतं. बॅटरी नाही, वायर नाही.

तिची करामत घरीच बघा. खोलीत अंधार करा, पट्टी समोरच्या भिंतीला टेकवा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरून तिच्यावर मारा. पट्टी लख्ख पेटते. आता नजर तिथेच ठेवून मोबाइल धरलेला हात लांब करा. उजेड तेवढाच पडतोय, पण पट्टी विझल्यासारखी होते. कारण ती प्रकाश चहूकडे उधळत नाही, जिथून आला तिथेच परत धाडते. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या जवळपास असतात, म्हणून सगळा उजेड त्यालाच मिळतो. बोरिवलीत गरब्याला जाणाऱ्या घागऱ्यांवरचे आभले असे वागत नाहीत. सपाट आरसा उजेड भलत्याच दिशेला फेकतो. गाडीच्या दिव्यात एखादा आभला चमकून जातो, इतकंच.

काही पट्ट्यांमध्ये काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. मण्यात शिरलेला किरण वाकतो, मागच्या चकचकीत थरावर आपटतो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. काहींमध्ये एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे इवले कोपरे असतात. कॅरमची सोंगटी कोपऱ्याजवळ दोन्ही कडांना आपटून आल्या दिशेला फिरते ना, तसंच, फक्त इथे कडा तीन. असेच आठ कोपरे बसवलेला, जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा नासाचा एक घुमट चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर आहे. १२ डिसेंबर २०२३ ला नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्यावर लेसर मारला आणि प्रकाश परत आला! चंद्रावर चालतं तेच तत्त्व पोराच्या बुटावर चालतं. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं. आरेतल्या बिबट्याच्या डोळ्यांतही दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून टॉर्च पडला की ते पेटतात. माणसाला निसर्गाने हा थर दिलेला नाही.

पण पट्टी लावायची कुठे? आपण सहज पाठीवर किंवा छातीवर चिकटवतो. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने अंधारात चालणाऱ्या माणसाच्या फक्त सांध्यांवरचे दहा-बारा ठिपके लोकांना दाखवले. ठिपके स्थिर असताना काही कळेना. ते हलू लागताच, सेकंदाच्याही आत, सगळ्यांना माणूस चालताना दिसला. आपला मेंदू माणसाची चाल इतक्या थोडक्या खुणांवरून ओळखतो! छातीवरची पट्टी म्हणजे रस्त्याकडेचा एखादा खांबही वाटू शकतो. घोट्यावरची, गुडघ्यावरची आणि मनगटावरची पट्टी हलते, आणि ड्रायव्हरला कळतं की हे मूल आहे, चालतंय, आणि रस्त्यात येतंय. फिनलंडमध्ये तर अंधारात पायी चालणाऱ्याने असा परावर्तक वापरावा असा कायदाच आहे.

दुकानात अंधारात हिरवी चमकणारी स्टिकरंही मिळतात. छतावरच्या चांदण्यांसाठी ती छान, रस्त्यासाठी निरुपयोगी. घेताना टॉर्च मारूनच घ्या. झगा घोट्याच्या वर राहील इतका दुमडून टाका, नाहीतर पायाची पट्टी झाकली जाते आणि पोर अडखळतं ते वेगळंच. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा, कारण समोरची गाडी पोरालाही दिसायला हवी. कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी सेलची पणती ठेवा, पॉलिस्टरचा झगा ज्वाळेजवळ क्षणात पेट घेतो.

एका ठिकाणी मात्र पट्टी हतबल आहे. दिवा पडला नाही तर ती परतवणार काय? पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाडीमागून धावणारं पोर तिने वाचत नाही. म्हणून सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा: सात ते नऊ पोडियमवर गाड्यांची ये-जा बंद, रॅम्पच्या तोंडाशी शिट्टी घेऊन एक वॉचमन, आणि धाकट्यांच्या प्रत्येक टोळीबरोबर एक मोठं माणूस.