रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही
अंतराळ स्थानकात माणसे कशी बदलतात, शिधा कसा पोहोचतो?

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला एक नियम कोणी शिकवावा लागत नाही. शिफ्ट संपली तरी रिलिव्हर आल्याशिवाय चालू मशीन सोडता येत नाही. येणाऱ्याला राहिलेले काम समजावून द्यायचे आणि मगच बदलापूर लोकल गाठायची. हाच नियम जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही पाळला जातो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने फिरते आणि साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. २ नोव्हेंबर २००० पासून तेथे माणूस नाही असा एकही दिवस गेलेला नाही. सहसा सात जण तेथे राहतात आणि बहुतेकांचा मुक्काम सहा महिन्यांच्या आसपास असतो. नवे पथक आले की जुने पथक काही दिवस त्यांच्यासोबत थांबते, यंत्रे आणि चालू प्रयोग समजावून देते आणि मग परत निघते.

परतीची जागा आधी राखून

आपल्याकडे २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. सुमारे एक हजार प्रवासी आत होते. बोटी आल्या, जवान आले आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. अंतराळात अशी बोट लगेच पाठवता येत नाही. म्हणून तेथे नियम केला आहे: ज्या यानातून माणसे जातात ते यान स्थानकाला जोडूनच ठेवायचे. आग लागली, हवा गळू लागली, तर त्यातच बसून खाली यायचे. प्रत्येकाची परतीची जागा राखून ठेवलेली असते.

पण यानालाही वय असते. ठरावीक दिवसांनंतर त्याचे भाग भरवशाचे राहत नाहीत. म्हणून माणसांबरोबर यानेही बदलावी लागतात. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ यानातून सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकाकडे गेले. परत आले ते मात्र ११ एप्रिलला, सोयूझ टी-१० मधून. ते आधीपासून तेथे असलेले जुने यान होते. नवे यान त्यांनी तेथे दीर्घ मुक्कामाला असलेल्या तिघांसाठी ठेवले.

रिलिव्हर वेळेवर न आल्यास

फ्रँक रुबिओ हे अमेरिकन डॉक्टर सप्टेंबर २०२२ मध्ये सहा महिन्यांसाठी गेले. डिसेंबरमध्ये त्यांच्या सोयूझ यानातून थंड ठेवणारे द्रव्य गळून गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरे यान रिकामे पाठवण्यात आले. पण नव्या पथकाची पाळी लांबली आणि रुबिओ ३७१ दिवसांनी घरी परतले.

सुनीता विल्यम्स यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ५ जून २०२४ रोजी त्या आणि बुच विल्मोर स्टारलायनर यानातून आठवडाभराच्या कामासाठी निघाले. यानात हेलियमची गळती आणि इंजिनांचा बिघाड आढळल्याने ते सप्टेंबरमध्ये रिकामेच परत आणले गेले. त्यानंतरच्या ड्रॅगन यानातून चारऐवजी दोघेच पाठवले आणि दोन जागा या दोघांसाठी मोकळ्या ठेवल्या. १६ मार्च २०२५ रोजी पुढचे पथक पोहोचले, १८ मार्चला सुनीता समुद्रात सुखरूप उतरल्या. एकूण २८६ दिवस झाले होते. घरी वाट पाहणाऱ्यांचे काय झाले असेल, हे रात्रपाळीवरून वेळेवर न परतणाऱ्या माणसाच्या घरी विचारावे.

महिन्याचा किराणा

आता शिध्याकडे वळू. जानेवारी १९७८ मध्ये प्रोग्रेस नावाचे पहिले मालवाहू यान सॅल्यूत-६ ला गेले. त्यात माणूस नसतो. आजचे प्रोग्रेस साधारण अडीच टन माल नेते: अन्न, इंधन, पाणी, कपडे, सुटे भाग. रिकामे झाले की त्यात कचरा भरतात आणि ते वातावरणात जळून जाते. ड्रॅगन यान मात्र प्रयोगांचे नमुने घेऊन शाबूत परत येते.

ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत तीन मालवाहू याने नष्ट झाली. तरी वर कोणी उपाशी राहिले नाही, कारण काही महिन्यांचा साठा नेहमी शिल्लक ठेवला जातो. जाणती गृहिणी डब्याच्या तळाशी पीठ राखून ठेवते, तशातलाच हा प्रकार. पाण्याची काटकसर तर विलक्षण आहे. घाम, श्वासातील वाफ आणि मूत्र शुद्ध करून सुमारे ९८ टक्के पाणी पुन्हा वापरता येते, हे २०२३ मध्ये सिद्ध झाले. टँकरची वाट पाहणाऱ्या उल्हासनगरच्या भगिनींना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्या मुलामुलींसाठी

२६ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला या स्थानकात पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. सोबत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता. १५ जुलैला ते परतले. त्याआधी १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोने दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले होते. हे जमल्याशिवाय ना रिलिव्हर पोहोचतो ना शिधा. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट आहे.

हे काम फक्त अंतराळवीरांचे नाही. आपल्याच लोकलमार्गावर, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात, इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिने घडत आली आहेत. वालचंदनगरला रॉकेटची कवचे बनली. तेथे वेल्डर, फिटर, टर्नर लागतात. स्थानकासाठी अन्न टिकवणारे तंत्रज्ञ आणि डॉक्टरही लागतील. म्हणून आयटीआयला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कोणी कमी लेखू नये.

आकाश निरभ्र असताना सूर्यास्तानंतर किंवा पहाटे स्थानक कधी कधी आपल्यालाही दिसते: न लुकलुकणारा, सरळ जाणारा तेजस्वी ठिपका. दुर्बीण लागत नाही. काही मिनिटांत तो दिसेनासा होतो. मुलांना गच्चीवर न्या, तो दाखवा आणि सांगा की त्या ठिपक्यात माणसे कामावर आहेत.