म्हातारपणाचा रंग कोणता?

मराठीच्या मास्तराला रंगांतले काय कळणार, अशी शंका वाचकांना येईल. ती मलाही आली होती. पण आमच्या महाविद्यालयातली चार मुले दहा मिनिटांचा चित्रपट काढायला निघाली आणि संवाद तपासण्यापुरता मी त्यात ओढला गेलो.

कथा साधी होती. गिरगावातली एक चाळ पाडायची ठरली आहे आणि एक आजी आपल्या खोलीतला शेवटचा दिवस घालवीत आहेत. दिग्दर्शिका तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. आजी तिची सख्खी, खोली तिच्याच घरची आणि चाळही खरोखरच पडणार होती. महिनाअखेरीस खोलीला कुलूप लागले, की पुन्हा चित्रीकरण नाही!

मुलांनी एक पुठ्ठा आणला. त्यावर कापडाचे तुकडे चिकटवले होते: तपकिरी, मातकट, विटका पिवळा. “सर, म्हातारपण म्हणजे उतरलेले रंग,” दिग्दर्शिका म्हणाली. मी निबंधातली फाजील विशेषणे खोडतो, तसे यांनी रंग खोडले, म्हणून मी शाबासकीही दिली.

विचार चुकीचा नव्हता. १९५६ सालच्या ‘द रेड बलून’ या लघुपटात आल्बेर लामोरीस यांनी पॅरिसच्या करड्या गल्ल्यांतून एक लाल फुगा फिरवला. भोवतालचे रंग गप्प बसले, म्हणून तो फुगा बोलू लागला. आपल्याकडे १९३३ साली ‘प्रभात’ने ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले, त्यासाठी जर्मनी गाठली. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. तेव्हा रंग मिळवण्याचीच मारामार होती. आज खिशातला फोन समोर दिसेल तो रंग टिपतो, त्यामुळे आवरायचे काय, हा प्रश्न.

एका रविवारी पुठ्ठा घेऊन आम्ही त्या खोलीवर गेलो. रंग दुकानात पाहून ठरवू नयेत, जिथे चित्रीकरण व्हायचे त्याच जागी, त्याच उजेडात, त्याच फोनमधून पाहावेत, एवढे मुलांना ठाऊक होते. फोन पांढरा रंग आपल्याच मनाने बदलतो, म्हणून ती सोय आधी बंद केली. आजींना तपकिरी लुगडे नेसवून कपाटापुढे बसवले, फोटो काढला आणि तो कृष्णधवल करून पाहिला. रंग वेगळे असले, तरी त्यांचा गडदपणा सारखा असला की ते एकमेकांत मिसळतात. ते कृष्णधवलात चटकन कळते. आणि कळलेच! लुगडे आणि कपाट एकजीव झाले होते.

आजींनी चष्मा लावून फोटो न्याहाळला. “यात मी कुठं आहे गं?”

“कपाटापुढं, आजी.”

“म्हणजे मी सामानातच जमा की!”

आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत. उठून त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून एक गर्द हिरवे लुगडे काढले. “तुझे आजोबा गेल्यापासून याची घडी मोडली नाही. लोक काय म्हणतील, म्हणून. या घरातून जाताना तरी मला हे नेसू दे.”

नात बराच वेळ पुठ्ठ्याकडे पाहत राहिली. मग तिने आजींना कपाटापासून दूर, दुधी भिंतीजवळच्या खिडकीत बसवले. बाकीचे मातकट रंग तसेच ठेवले. त्या सगळ्या विटकेपणात हिरवा रंग एकटाच उठून दिसला. पुन्हा कृष्णधवलात पाहिले, तर भिंत उजळ, लुगडे गडद आणि आजी स्पष्ट!

पुठ्ठ्यावर पुरेसे रंग होते, पण त्यांतला एकही आजींना विचारून घेतलेला नव्हता. विशेषणे खोडण्याच्या भरात वाक्याचा कर्ताच खोडला जातो, हे वीस वर्षे निबंध तपासणाऱ्या मला त्या दिवशी कळले.

महाविद्यालयात चित्रपट दाखवला, तेव्हा आजी पहिल्या रांगेत होत्या. लुगडे अर्थात तेच, हिरवे!