एमपीआय प्रोग्रॅममध्ये थ्रेड चालतील का? आधी विचारा, मग चालवा

मोबाईल घेताना आपण ‘ऑक्टाकोअर’ आहे ना, हे हमखास बघतो. म्हणजे आठ कोअर एकाच वेळी कामाला. सुपरकॉम्प्युटरमध्ये असे हजारो कोअर असतात, पण ते वेगवेगळ्या नोडमध्ये विभागलेले. एका नोडला दुसऱ्याची मेमरी थेट वाचता येत नाही, म्हणून प्रोग्रॅमचे भाग एकमेकांना मेसेज पाठवतात. त्याचे नियम ठरवणारं स्टँडर्ड म्हणजे एमपीआय. हवामानाची मोठी मॉडेल्स यावरच चालतात.

अडचण कुठे येते?

प्रत्येक प्रोसेसच्या आत अनेक थ्रेड असू शकतात. त्यातल्या दोघांनी एकदम एमपीआयला काम सांगितलं आणि लायब्ररीची तशी तयारी नसेल, तर प्रोग्रॅम क्रॅश होतो, लटकतो किंवा गुपचूप चुकीचं उत्तर देतो. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण चूक लक्षातच येत नाही.

चार पातळ्या

१. सिंगल: प्रोसेसमध्ये एकच थ्रेड.
२. फनेल्ड: थ्रेड कितीही, पण एमपीआयशी फक्त मुख्य थ्रेड बोलणार.
३. सीरियलाइज्ड: कोणताही थ्रेड बोलेल, पण एका वेळी एकच. ही शिस्त तुम्ही पाळायची.
४. मल्टिपल: कुणीही, कधीही.

तपासायचं कसं?

साध्या ‘एमपीआय_इनिट’ऐवजी ‘एमपीआय_इनिट_थ्रेड’ वापरा. ही सोय १९९७ च्या एमपीआय-२ पासून आहे. तुम्हाला हवी ती पातळी ‘रिक्वायर्ड’मध्ये द्यायची, मिळालेली पातळी ‘प्रोव्हाइडेड’मध्ये परत येते.

खरी गोम इथेच आहे. मागितलं मल्टिपल आणि मिळालं फनेल्ड, तरी एरर येत नाही! म्हणून लगेच तुलना करा. या पातळ्यांचे आकडे चढत्या क्रमाने असतात, त्यामुळे ‘प्रोव्हाइडेड’ लहान निघालं, तर मेसेज दाखवून ‘एमपीआय_अबॉर्ट’ने थांबा.

एमपीआय दुसऱ्याच कोडने सुरू केलं असेल, तर ‘एमपीआय_क्वेरी_थ्रेड’ने चालू पातळी विचारता येते.

मग सरसकट मल्टिपलच का नको?

कारण त्यासाठी लायब्ररीला आतून कुलपं लावावी लागतात आणि वेग कमी होऊ शकतो. हिशोब सगळे थ्रेड करतात, पण मेसेज मुख्य थ्रेडच पाठवतो, असा प्रोग्रॅम असेल तर फनेल्ड पुरतं.

आणि हो, लॅपटॉपवर मल्टिपल मिळालं म्हणजे क्लस्टरवरही मिळेलच असं नाही. तिथली लायब्ररी वेगळी असू शकते. म्हणून ही तपासणी प्रोग्रॅममध्येच कायमची ठेवा. दोन ओळींचं काम आहे, पण रात्रभर चाललेला जॉब फुकट जाण्यापासून वाचतो.