घर घेण्याआधी वस्ती पारखताना

दरवर्षी उन्हाळा सुरू झाला की यवतमाळ शहरात घर किंवा भूखंड शोधणाऱ्या कुटुंबांची ये-जा वाढते. घाटंजी, आर्णी, नेर, राळेगाव, पांढरकवडा या भागांतून कोणी मुलांच्या शिक्षणासाठी येतो, कोणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ असावे म्हणून, तर कोणी सेवानिवृत्तीनंतरचे आयुष्य शहरात काढावे म्हणून. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही त्यांत असतात. या साऱ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : तो भाग कसा आहे, सुरक्षित आहे ना? उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते. "आता फार सुधारला आहे," किंवा "तिकडे जाऊ नका." ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. वस्ती वेगाने बदलत असते तेव्हा तिची जुनी ख्याती खोटी पडलेली असते आणि नवी ख्याती कोणी तपासून पाहिलेली नसते. अशा वेळी आयुष्यभराची पुंजी घालण्यापूर्वी काय पाहावे, याविषयी चार गोष्टी येथे मांडाव्यात असे आम्हांस वाटते.

साध्या वस्तीत सुस्थितीतील लोक येऊ लागतात, जागेचे भाव चढतात आणि मूळचे रहिवासी हळूहळू बाहेर पडतात, या प्रक्रियेस रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली लंडनच्या संदर्भात 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. मराठीत त्यास रूढ शब्द नाही. परंतु ही घडामोड महाराष्ट्राने डोळ्यांसमोर पाहिली आहे. मुंबईचे गिरणगाव हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि लोअर परळच्या त्या जमिनींवर काचेचे मनोरे, कार्यालये व उपाहारगृहे उभी राहिली. भाग 'सुधारला' असे सर्वांनी मानले. मात्र २०१७ साली तीन महिन्यांच्या आत तेथे दोन भीषण दुर्घटना घडल्या. २९ सप्टेंबर रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (आजचे प्रभादेवी) अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले. २९ डिसेंबर रोजी कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला.

या दोन्ही घटनांत चोर-दरोडेखोरांचा काही संबंध नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पूल जुन्या काळाच्या गर्दीचा होता, त्यावर नव्या कार्यालयांची गर्दी आली. जुन्या गिरणीच्या आवारात नवे व्यवसाय आले, पण आगीच्या वेळी बाहेर पडण्याची सोय त्यांच्या मानाने झाली नाही. बदलत्या वस्तीतील मोठा धोका बहुधा असाच असतो : वर नवा भार आणि खाली जुना पाया. आपण मात्र 'सुरक्षित' या शब्दाने केवळ चोऱ्या-माऱ्यांचाच विचार करतो.

यवतमाळात मनोरे नाहीत, परंतु बदलाची जात तीच आहे. शहराला लागून असलेली वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा, पिंपळगाव, भोसा, मोहा ही गावे गेल्या दशकात नगरपरिषदेच्या हद्दीत आली. कालपर्यंत जेथे कापूस आणि तूर होती तेथे आज लेआउटचे दगड रोवलेले दिसतात. मातीच्या घरांशेजारी दोन मजली बंगला उभा राहतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून भूखंडांच्या जाहिरातींना नवा जोर चढला आहे. रंगीत पत्रकात बाग असते, प्रवेशद्वार असते, दिवे असतात. नाला मात्र कधीच दाखवलेला नसतो.

तेव्हा प्रथम नाल्याविषयीच बोलू. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत जिल्ह्यात मोठा पूर आला. महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली, आणि यवतमाळ शहरालगत वाघाडीच्या काठी घरांत पाणी शिरले. शेत होते तेव्हा पावसाचे पाणी जमिनीत मुरत होते, बांधावरून सावकाश उतरत होते. लेआउट पडले की मुरूम, डांबर आणि काँक्रीट येते, पाणी एकदम वाहू लागते, आणि त्याच वेळी नाला बुजवून किंवा पाईपात कोंबून अरुंद केला जातो. म्हणून 'इथे कधी पाणी आले नाही' हे जुन्या शेतकऱ्याचे म्हणणे खरे असूनही पुढील वर्षासाठी पुरेसे नसते. मोठ्या नद्यांच्या काठी पाटबंधारे खाते निळी आणि लाल पूररेषा आखते. ढोबळमानाने निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. लहान ओढ्यांना मात्र अशा रेषा बहुधा नसतात. तेथे आपणच पाहावे लागते : जुन्या भिंतींवर पाण्याची खूण कुठवर आहे, जुन्या लोकांनी जोती किती उंच ठेवली आहेत, मोरीचा तोंडवळा पुढच्या मोरीपेक्षा लहान तर नाही ना. नगररचना कार्यालयातील विकास आराखड्यात आणि भूमी अभिलेख खात्याच्या गाव नकाशात नाला कोठून जातो हेही ताडून घ्यावे. ज्या भूखंडातून नकाशात नाला वाहतो आणि जागेवर दिसत नाही, तो भूखंड कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे टंचाई. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे शहराला पाणी पुरवणारे दोन्ही प्रकल्प आटले, नळ आठवडेच्या आठवडे कोरडे राहिले आणि टँकरभोवती भांडणे झाली. त्यानंतर बेंबळा प्रकल्पाच्या पाण्याचा आधार घेण्यात आला. तरीही नव्या वसाहतीपर्यंत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची जलवाहिनी प्रत्यक्षात पोहोचली आहे का, की केवळ 'मंजूर आहे', हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाण्याचा प्रश्न हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, कारण रात्री दोन वाजता टँकरसाठी बाहेर उभे राहावे लागते ते बहुधा घरातील स्त्रीला.

कागदपत्रांविषयी अनेक ठिकाणी लिहिले जाते, म्हणून आम्ही थोडक्यातच सांगतो. अकृषक परवानगी, मंजूर नकाशा आणि किमान तीस वर्षांचा शोध-अहवाल वकिलाकडून पाहून घ्यावा. क्षेत्र ५०० चौरस मीटरहून अधिक असलेल्या प्रकल्पास, भूखंड पाडून विकले जात असले तरीही, महारेराची नोंदणी लागते. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. गुंठेवारीचा भूखंड नियमित झाल्याचे प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय 'होऊन जाईल' या शब्दावर विसंबू नये. आपल्या जिल्ह्यापुरती एक बाब विशेष महत्त्वाची : येथे गोंड, कोलाम, परधान या समाजांच्या जमिनी पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीविना अशी जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करता येत नाही. तसे झाले असेल तर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. आणि ते न्याय्यच आहे.

आता गुन्ह्यांविषयी. येथे ऐकीव माहितीपेक्षा बरे साधन आज उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार पोलिसांनी प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर ठेवावयाचे असतात. लैंगिक अत्याचारांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि पोलीस ठाणे निवडून हे अहवाल विनामूल्य पाहता येतात. आपली नियोजित वस्ती यवतमाळ शहर, अवधूतवाडी, लोहारा की यवतमाळ ग्रामीण, कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे आधी विचारून घ्यावे आणि काही महिन्यांचे अहवाल शांतपणे वाचावेत. केवळ संख्या मोजू नये. ठाण्याची हद्द मोठी असते आणि जेथे लोक तक्रार द्यायला घाबरत नाहीत तेथे नोंदी जास्त दिसतात. घरफोडी दिवसा होते की रात्री, दुचाकी कोठून चोरीस जातात, रस्त्यावर सोनसाखळी ओढली जाते का, यांकडे लक्ष द्यावे. अर्ध्या बांधलेल्या घरांच्या आणि ओस भूखंडांच्या वसाहतीत चोराला फावते, कारण तेथे पाहणारे कोणी नसते. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ मध्येच हे मांडले होते की रस्ता सुरक्षित राखतात ते प्रामुख्याने त्यावर असलेले नेहमीचे डोळे : दुकानदार, ओट्यावर बसलेली आजी, खेळणारी मुले. त्यामुळे वस्ती पाहायला रविवारी सकाळी दलालाच्या मोटारीतून जाऊ नये. शिकवणी सुटण्याच्या वेळी, म्हणजे सायंकाळी साडेसात-आठच्या सुमारास, मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत पायी चालत जावे, शक्यतो घरातील मुलीला बरोबर घेऊन. दिव्याचे खांब आहेत, पण दिवे लागतात का? एखादे किराणा दुकान उघडे आहे का? तिचे मत आपल्या मताहून वेगळे पडले तर तिचे ग्राह्य धरावे.

'तिकडे जाऊ नका' या सल्ल्याचीही चौकशी करावी. कित्येकदा त्याचा अर्थ इतकाच असतो की तेथे गरीब राहतात, किंवा जवळ पारधी बेडा आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय सरकारी कागदातून निघून लोकांच्या बोलण्यात मुक्कामाला राहिला. भाड्याचे घर मागताना आडनाव विचारले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. तीच मोजपट्टी आपण दुसऱ्याला लावावी का? शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते चुकीचे आहे. जुने रहिवासीच त्या वस्तीचे खरे माहीतगार असतात. कोणत्या वर्षी पाणी चढले, कोणत्या गल्लीत दारू विकली जाते, रात्री कोण मदतीला धावते, हे त्यांना ठाऊक असते. ते भाव चढल्याने निघून गेले की वस्तीची स्मृती आणि तिची राखण दोन्ही जातात. म्हणून तेथील शाळेच्या शिक्षिकेशी, आशा सेविकेशी, पिठाच्या गिरणीवाल्याशी बोलावे आणि 'गेल्या पाच वर्षांत येथून कोण गेले, आणि का?' हे अवश्य विचारावे.

शक्य असेल तर खरेदीपूर्वी त्याच भागात अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने राहावे. जूनमध्ये प्रवेश केल्यास पावसाळा आणि पुढचा एप्रिल दोन्ही अनुभवास येतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व त्याची जबाबदारी घरमालकाची असते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यास तो टाळाटाळ करीत असेल, तर इसार देण्यापूर्वीच त्यामागचे कारण विचारून घ्यावे.