गुडघेदुखीवर तापत्या सुईचा उपाय

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतही गुडघेदुखीमुळे जिना टाळणारी वडीलधारी मंडळी आहेत. गोळ्यांनी भागत नाही आणि सांधेबदल शस्त्रक्रिया झेपत नाही, अशांसाठी रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन हा पर्याय आहे. गुडघ्याच्या वेदनावाहक नसांजवळ आधी भूल देऊन पाहतात. दुखणे तात्पुरते ओसरले, तरच पुढचे पाऊल. मग एक्स-रे किंवा सोनोग्राफीत पाहत सुई नेतात आणि तिच्या टोकाशी साधारण ८० अंश सेल्सिअस उष्णता ६० ते ९० सेकंद देतात. मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश तुटतो. सांध्याची झीज मात्र भरून येत नाही. नस पुन्हा वाढते, म्हणून आराम बहुधा ६ महिने ते वर्षभर टिकतो. त्या काळात मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नेटाने करा. होकार देण्यापूर्वी वेदनातज्ज्ञांना चाचणीच्या भुलीबद्दल जरूर विचारा.